बस्ता परमुलखातला

माझ्या आजीच्या लेखी परदेश शंभरेक किलोमीटरवर होता आणि त्याचं नाव होतं नगर.

1939 च्या उन्हाळ्यात तिच्या नणंदेचं लग्न ठरलं आणि बस्ता नगरच्या कापडबाजारात बांधायचा असं सासऱ्यांनी जाहीर केलं. आमचं पाटोदा तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात, बीड जिल्ह्यात. नगर मुंबई इलाख्यात, म्हणजे इंग्रजांचं. तिकडचे लोक आम्हाला मोगलाईतले म्हणायचे. राज्य वेगळं, नाणं वेगळं, दफ्तराची भाषा वेगळी. सालसुद्धा वेगळं, कारण आमच्या सरकारी कागदावर फसली सन असायचा आणि त्याचे महिने आजूर, दै, बहमन. आजी शेवटपर्यंत त्या प्रवासाला "परमुलखात गेलो व्हतो तवा" असंच म्हणायची. लहानपणी मला वाटायचं, ती समुद्रापलीकडे कुठंतरी जाऊन आली असावी.

या रस्त्याची गंमत नकाशा हातात घेतल्याशिवाय कळत नाही. पाटोद्याहून सौताड्याचा घाट उतरला की जामखेड. ते इंग्रजांचं. जामखेडच्या पुढं आष्टी आणि कडा लागतात, ते पुन्हा निजामाचे. कडा मागं पडलं की चिचोंडी पाटील, परत इंग्रजी हद्द, आणि मग नगर. म्हणजे एका सरळ वाटेवर राज्याची हद्द तीनदा ओलांडायची, आणि परतताना आणखी तीनदा. जामखेडपर्यंत बैलगाडी, पुढं सर्व्हिस मोटर. मोटरीत आजी पहिल्यांदाच बसली होती. पण तिच्या सांगण्यात मोटर कमी आणि नाके जास्त असायचे.

आजोबांची मोडीतली खर्चाची वही माझ्याकडे आहे. तिच्यात त्या प्रवासाचं पान सापडलं, तेव्हा मला अक्षरशः भरून आलं. पहिलीच ओळ आहे ती नाणं बदलल्याची. निजामाचा रुपया तो हाली शिक्का, त्यावर चारमिनार. इंग्रजांचा रुपया कलदार. सरकारी भाव शंभर कलदारांना एकशेसोळा हाली रुपये, दहा आणे, आठ पै. बाजारात हा हिशेब कोण करणार? लोकांनी तो सोपा करून ठेवला होता, सात हालीचे सहा कलदार. आजोबांनी सत्तर हाली दिले. यायला हवे होते साठ, सराफानं बट्टा कापून हातावर ठेवले एकोणसाठ. त्या एका रुपयाखाली आजोबांनी रेघ ओढली आहे. एवढ्या वर्षांनीही ती रेघ ठसठशीत दिसते.

रात्र धर्मशाळेत काढून सकाळी ती माणसं गावात शिरली. आधी माळीवाड्यातला विशाल गणपती, कारण लग्नाची पहिली खरेदी देवाला सांगून करायची. एवढी मोठी मूर्ती आजीनं कधी पाहिली नव्हती. मग कापडबाजार. नगर त्या काळी लुगड्यांचं आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव होतं. मागावरचा खटखटाट गल्ल्यांतून ऐकू यायचा, असं ती सांगे. दुकानातली पांढरी गादी, त्यावर एकावर एक उलगडत जाणारी लुगडी आणि "बघा तर खरं, घ्यायची सक्ती नाही" म्हणणारा दुकानदार ती हुबेहूब उभा करायची. नवरीची पाच, विहिणीचं एक, मानपानाची वेगळी, शिवाय धोतरं, उपरणी, खण. खणांवर सासूबाईंनी दोन तास घालवले. आजीला स्वतःसाठी एक हिरवं लुगडं आवडलं होतं. ते घेतलं गेलं नाही. याबद्दल ती तक्रार करत नसे, फक्त दर वेळी त्या लुगड्याचा काठ कसा होता ते सांगायची.

भांड्यांच्या दुकानातून घागर, परात, दोन तांबे घेतले. दुपारी भाकरी सोडून खाल्ली आणि मग सासऱ्यांनी विचारलं, आणखी काय बघायचं? आजी म्हणाली, आगगाडी. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 पासून नगरवरून जातो, आणि आमच्या बाजूला रेल्वेचा पत्ता नव्हता. म्हणून सगळं कुटुंब गाठोडी घेऊन स्टेशनावर जाऊन बसलं. गाडी आली, थांबली, गेली. एवढंच. पण ते पाहायला आजी आयुष्यभर पुन्हा जायला तयार होती. वाटेत भुईकोट किल्ल्याचा खंदक दिसला, आत जाता येत नव्हतं. पुढं तीनच वर्षांनी, 1942 मध्ये, त्याच किल्ल्यात नेहरू, आझाद, पटेल कैदेत आले. चांदबिबीचा महाल तिनं लांबूनच पाहिला, डोंगरावर एकटा उभा असलेला. ती खरी सलाबतखानाची कबर, हे मला फार नंतर कळलं.

परतीच्या वाटेवर करोडगिरीचा नाका. निजामाची जकात ती करोडगिरी. शेकडा पाच हा तिचा दर 1802 च्या व्यापारी तहापासूनचा. नाक्यावर बोचकी सोडली, लुगडी मोजली, भांडी पाहिली. बरोबरच्या एका बाईनं नव्या घागरीला आधीच काजळी फासून ती जुनी भासवली होती, म्हणून ती सुटली. आजोबांनी तसं करू दिलं नाही. जकात भरली, पावती घेतली. पावती उर्दूत, दुकानाचा हिशेब देवनागरीत, घरची वही मोडीत. जामखेड ओलांडून पुन्हा आपल्या हद्दीत शिरताना तीच पावती दाखवून सुटका झाली. घरात ती कुणालाच वाचता येत नव्हती, तरी ती देवघराच्या फळीवर जपून ठेवली गेली.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. आमच्या तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा पूर्वेला वाहत जाते. तिच्यावर 1931 मध्ये निजामसागर धरण पुरं झालं. पाणी निजामाच्या मुलखात गेलं, माणसं मात्र पश्चिमेला, नगरला जात राहिली. ते साहजिकच होतं. सोळाव्या शतकात बीड आणि नगर एकाच निजामशाहीत होते आणि नगर तिची राजधानी होती. ते निजाम वेगळे, हैदराबादचे वेगळे. 11 मार्च 1795 ला जामखेडजवळच्या खर्ड्याला मराठ्यांनी हैदराबादच्या निजामाला हरवलं. 1818 ला पेशवाई बुडाली, नगर इंग्रजांकडे गेलं, आणि लग्नाच्या बाजाराच्या वाटेवर इंग्रजी हद्द आली. राज्यकर्त्यांनी आखलेली ती रेघ आमच्या सोयरिकींनी आणि बाजारानं कधी मानली नाही. जामखेडच्या मुली पाटोद्यात, पाटोद्याच्या जामखेडात, हे चालूच होतं.

1947 नंतर मात्र ती रेघ जीवघेणी झाली. नोव्हेंबरात भारताशी जैसे थे करार झाला आणि पाठोपाठ हैदराबाद सरकारनं भारताचं नाणं आपल्या राज्यात बेकायदा ठरवलं. कलदारात व्यवहार करता येईना. रझाकारांच्या धास्तीनं आमच्या घरातली बायकामुलं रात्री सौताड्याचा घाट उतरून जामखेडला सोयऱ्यांकडे गेली. आजीनं सोबत घेतली ती नगरची घागर. पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली ती 1 जून 1948 ला. तेव्हा आमच्यासाठी हद्द बंद होती. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद राज्यात शिरल्या, 17 ला निजाम शरण आला. हाली शिक्का त्यानंतरही काही वर्षं हातात फिरत होता, 1959 मध्ये तो कायमचा बंद झाला.

17 सप्टेंबर 2025 ला बीडहून नगरला, आजच्या अहिल्यानगरला, पहिली प्रवासी गाडी धावली. आष्टी, कड्यावरूनच. मी ती पाहायला गेले होते.

नाके कुठं होते, ते दाखवू शकणारी माणसं आता नव्वदीच्या आसपास आहेत. पाटोदा, आष्टी, जामखेडच्या वाचकांना माझी विनंती आहे: घरात चारमिनारचा रुपया असेल, उर्दूतली करोडगिरीची पावती असेल, मोडीतली जुनी वही असेल, तर ती रद्दीत घालू नका. मोडी वाचणारा शोधा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला या आठवड्यातच विचारा, तुमच्या लग्नाचा बस्ता कुठं बांधला होता?