जकातमाफीचं कलम

माझं घर लातूरचं, आजोळ नळदुर्गाकडचं, आणि शिक्षकीत हयात गेली नांदेडात. इतिहासाच्या तासाला 1853 आणि 1860 हे दोन तह मी नेहमी एकत्र शिकवले. पहिल्या तहात हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव ताब्यात घेतलं. मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी नळदुर्गाच्या किल्ल्यात राहून कारभार पाहू लागला. 1857 मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला. म्हणून 1860 मध्ये धाराशिव, रायचूर परत मिळाले, 50 लाखांचं कर्ज माफ झालं. मुलं इथंच वही मिटायची. मी पुढची कलमं वाचायला लावायचो.

कारण त्याच तहात निजामानं गोदावरीच्या डाव्या तीरावरचे सिरोंचा, भद्राचलम, राकापल्ली, चेर्ला, अल्बाका, नुगूर हे तालुके देऊन टाकले. एका कलमानं नदीतून जाणाऱ्या मालावरची जकात दोघांनीही सोडली. इंग्रजांचा डोळा होता वऱ्हाड-नागपूरच्या कापसावर. वर्धा, प्राणहिता, गोदावरी या वाटेनं तो होड्यांतून थेट समुद्राला न्यावा, असा आर्थर कॉटन या इंजिनिअरचा आग्रह होता.

पण जकातमाफी होती फक्त नदी दोन राज्यांची हद्द असेल तेवढ्यापुरती. नांदेडला दोन्ही काठ निजामाचेच, त्यामुळे आमची गोदावरी त्या कलमात आलीच नाही. हे मला फार लागतं. अमेरिकेत 1795 मध्ये टॉमस पिंकनीनं स्पेनकडून मिसिसिपीची वाट मोकळी करून घेतली, ती वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी सरकारच्या मागे तगादा लावला म्हणून. त्यांना आपला माल न्यू ऑर्लिन्सला नेऊन जहाजावर चढवायचा होता. आमच्या वरच्या अंगाच्या कुणब्याला कुणी विचारलंच नाही. धाराशिवच्या रयतेलाही नाही, आणि तिचा धनी तर सात वर्षांत दोनदा बदलला.

होड्यांची ती वाट कधी पुरी झालीच नाही. दुम्मागुडेम, इंचमपल्ली, देवलमरी इथले खडक आडवे आले, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि 1871 मध्ये काम सोडून दिलं. मुलूख मात्र परत गेला नाही. भद्राचलम पुढे मद्रासकडे गेलं, सिरोंचा चांद्याला जोडलं गेलं आणि म्हणून आज महाराष्ट्रात आहे.

आता भांडण त्याच गोदावरीच्या पाण्याचं. धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. ऐन पावसाळ्यातलं पाणी डोळ्यांदेखत खाली जातं. पण या वेळी आमची बाजू मांडायला न्यायालयात कुणीतरी उभं होतं.