संकटकाळी परमेश्वराच्या सान्निध्यावरील श्रद्धा : खानदेशातील भाविकांसाठी काही विचार

तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या खानदेशाला संकटे नवीन नाहीत. विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे इ.स. १८९९-१९०० साली पडलेल्या दुष्काळाने येथील गावेच्या गावे ओस पडली. त्याच सुमारास प्लेगची साथ सुरू होती. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर गेलेली आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली पिढी आजही जळगाव-धुळे भागांत भेटते. केळीचे बाग लावणाऱ्या रावेर-यावलच्या शेतकऱ्याला तर मे-जूनच्या वादळाची धास्ती दरवर्षीचीच. केळीची मुळे उथळ असतात. वर्षभर जपलेली, घडांनी वाकलेली बाग अर्ध्या तासाच्या वाऱ्यात आडवी होते. २०१७ साली कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली, पुढे केळीवर हरण्या रोग आला आणि २०२० साली कोरोना आला.

अशा प्रसंगी ख्रिस्ती माणसाच्या मनात येणारा प्रश्न जुनाच आहे. परमेश्वर खरोखर आपल्याजवळ आहे काय? आणि तो सर्वसमर्थ असेल, तर हे का घडू देतो? पवित्र शास्त्राच्या व ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

नावेत निजलेला प्रभू

संत मार्कलिखित शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील वादळाचा प्रसंग सर्व भाविकांना परिचित आहे. मात्र त्यातील एक बारकावा आपल्या नजरेतून निसटतो. प्रभू येशू त्या नावेत होता, आणि तरीही वादळ आले. पलीकडे जाऊ या, असे म्हणून शिष्यांना नावेत बसविणाराही तोच होता. म्हणजेच प्रभू जवळ असणे याचा अर्थ वादळ न येणे असा नव्हे. नावेत पाणी शिरत असताना तो उशीवर डोके ठेवून निजला होता. शिष्यांनी त्याला जागे केले ते गोड प्रार्थना म्हणून नव्हे, तर आम्ही बुडतो आहोत याची तुला काहीच पर्वा नाही का, अशी तक्रार करून. प्रभूने प्रथम वारा शांत केला आणि मग त्यांच्या अविश्वासाबद्दल त्यांना विचारले. त्यांची श्रद्धा अपुरी होती, तरीही त्याने त्यांना बुडू दिले नाही.

२७ मार्च २०२० रोजी, साऱ्या जगाची दारे बंद झालेली असताना, पोप फ्रान्सिस यांनी रोममधील संत पेत्राच्या निर्मनुष्य चौकात भर पावसात याच उताऱ्यावर मनन केले. १५२२ सालच्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांवरून मिरवणुकीने नेलेला क्रूस त्या संध्याकाळी तेथे उभा केलेला होता. आपल्याकडे तेव्हा टाळेबंदी लागून तीनच दिवस झाले होते. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत असो वा धुळ्याच्या एखाद्या गल्लीत, ज्यांनी ती प्रार्थना मोबाइलच्या छोट्या पडद्यावर पाहिली, त्यांना ती विसरणे कठीण आहे. पुढे कित्येक कुटुंबांना आपल्या माणसाचे अंत्यदर्शनही लाभले नाही. ते दुःख अजून अनेक घरांत न बोलता राहिले आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

तक्रार करणे हे पाप आहे काय?

काही भाविकांची अशी समजूत असते की संकटात देवापुढे रडणे, त्याला जाब विचारणे म्हणजे श्रद्धा कमी असणे. पवित्र शास्त्र तसे म्हणत नाही. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे विलापाची आहेत. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात. ८८ वे स्तोत्र मात्र तेवढेही करीत नाही, ते अंधारातच संपते. तरीही पवित्र शास्त्रात त्याला स्थान आहे आणि ख्रिस्तसभा आपल्या दैनिक प्रार्थनाविधीत ते म्हणते. स्वतः प्रभू येशूने क्रुसावर २२ व्या स्तोत्राच्या आरंभीची आर्त हाक मारली. बेथानी गावी आपण लाजरला उठविणार हे ठाऊक असूनही तो त्याच्या थडग्यापाशी रडला. ज्याला शेवट ठाऊक होता त्याने अश्रू ढाळले, मग आपण आपले अश्रू का लपवावेत?

ईयोबाच्या पुस्तकातील मित्रांचे उदाहरण सांत्वनासाठी जाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्यासोबत मुकाट्याने जमिनीवर बसले. त्यांच्या हातून घडलेली सर्वांत चांगली गोष्ट तीच. नंतर ते बोलू लागले, दुःखाची कारणे सांगू लागले आणि शेवटी देवाच्या कोपास पात्र झाले. आपल्या धर्मग्रामांतही घरात मृत्यू झाला की देवाची इच्छा होती, देवाला चांगली माणसे हवी असतात, असे बोलण्याची घाई होते. बोलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्या मातेला ते शब्द दगडासारखे लागतात.

दुःख हे पापाचे शासन आहे, हाही समज खोलवर रुजलेला आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मरण पावली. ती इतरांहून अधिक पापी नव्हती, असे प्रभूने स्पष्ट सांगितले (लूक १३). जन्मांध माणसाच्या बाबतीत कोणी पाप केले, या शिष्यांच्या प्रश्नालाही त्याने नकारच दिला (योहान ९). मग दुःख का, याला एका वाक्यात उत्तर नाही. काथोलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथही (परिच्छेद ३०९) हेच सांगतो की या प्रश्नाला कोणतेही झटपट उत्तर पुरे पडत नाही. निर्मिती, पाप, तारण आणि सार्वकालिक जीवन असा समग्र ख्रिस्ती विश्वास मिळूनच त्याचे उत्तर होतो.

जळगाव, भादली आणि टिळक कुटुंब

या विषयाचा विचार खानदेशात करताना एका कुटुंबाची आठवण होणे स्वाभाविक आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक हे काथोलिक नव्हते, तरी टिळकांची भक्तिगीते आपल्या मंदिरांत इतकी रुळली आहेत की ती परक्याची वाटत नाहीत. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यासोबत नव्हत्या. नाशिकजवळील जलालपूरच्या कर्मठ घरात वाढलेल्या या स्त्रीवर आकाश कोसळले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, हाती विद्या नाही, पदरी लहान मूल. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी विरहात काढली. पुढे त्या पतीकडे परतल्या, पण तेव्हाही आपल्याच आचाराने राहिल्या. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर पुष्कळ विचारांती, १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा एका रात्रीत येते असे मानणाऱ्यांनी हा काळ लक्षात घ्यावा. परमेश्वर माणसाची वाट पाहतो आणि घाई करीत नाही.

१९०७ साली जळगाव येथे कविसंमेलन भरले. धरणगाव येथे जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्याही आतल्या मुलाने तेथे कविता म्हटली आणि अध्यक्ष कर्नल कीर्तिकर यांनी त्याला बालकवी हे नाव दिले. पुढे हा मुलगा अहमदनगरला टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला. त्याने ख्रिस्ती व्हावे अशी अट त्या घराने कधी घातली नाही. ५ मे १९१८ रोजी जळगाव-भुसावळ मार्गावरील भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवींचा अंत झाला. तेव्हा ते अवघे २७ वर्षांचे होते. जेमतेम वर्षाने, ९ मे १९१९ रोजी, टिळकही देवाघरी गेले.

टिळकांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य तेव्हा अकरा अध्यायांवर थांबलेले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पतीने अक्षरे शिकविलेल्या लक्ष्मीबाईंनी वैधव्यात पुढील चौसष्ट अध्याय लिहून ते पूर्ण केले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. इतकी दुःखे सोसलेली ही बाई वाचकाला वारंवार हसविते. विनोदबुद्धी ही ईश्वरावरील भरवशाची खूण मानावी, असे आमचे मत आहे. ज्याला सर्व भार स्वतःच्याच खांद्यावर वाटतो, त्याला हसता येत नाही.

तुरुंगातील तीन थेंब

धुळ्याच्या लोकांना तुरुंग आणि अध्यात्म यांचे नाते सांगावयास नको. १९३२ च्या फेब्रुवारी ते जून या महिन्यांत विनोबा भावे यांनी धुळ्याच्या कारागृहात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. बंद दारांआडही आत्मा बंदिस्त होत नाही, हे या जिल्ह्याने पाहिलेले आहे.

आपल्या ख्रिस्तसभेतील असाच एक साक्षीदार म्हणजे व्हिएतनामचे फ्रान्सिस झेव्हियर न्गुएन व्हॅन थुआन. १९७५ साली सायगावचे सहमहागुरुस्वामी म्हणून नेमणूक होताच काही महिन्यांत त्यांना अटक झाली. तेरा वर्षे ते कैदेत होते, त्यांपैकी नऊ वर्षे एकांतवासात. पोटाच्या विकारावरचे औषध म्हणून त्यांना बाहेरून थोडा द्राक्षारस मिळे. द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब तळहातावर घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. आपल्या धर्मप्रांतासाठी काहीच करता येत नाही, या विचाराने ते सुरुवातीला खचून गेले होते. देवाचे कार्य आणि देव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण देवाला निवडले आहे, हे उमगल्यावर त्यांना शांती लाभली. १९८८ साली त्यांची सुटका झाली. पुढे ते कार्डिनल झाले आणि २०१७ साली ख्रिस्तसभेने त्यांना ‘आदरणीय’ घोषित केले.

सर्वच संतांना असा दिलासा मिळाला असे नाही. कोलकात्याच्या संत मदर तेरेसा यांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जग चकित झाले. जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवत नव्हती, तरीही त्या रोज पहाटे उठून प्रार्थना करीत आणि गरिबांकडे जात राहिल्या. सान्निध्याची जाणीव आणि सान्निध्य या एकच गोष्टी नव्हेत. ज्यांना प्रार्थना करूनही काहीच वाटत नाही, त्यांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

जेव्हा जगणेच नकोसे होते

येथे एका कठीण विषयाला स्पर्श करणे आवश्यक आहे. कर्ज, नापिकी आणि पडलेले भाव यांमुळे आपल्या भागातील काही शेतकऱ्यांनी मृत्यूला कवटाळले आहे. परीक्षेतील अपयश वा घरातील कलह यांमुळे तरुणही त्या वाटेला जातात. हबक्कूक संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायात अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरे नाहीत, असे वर्णन येते. ते वाचताना खानदेशच डोळ्यांपुढे उभा राहतो. त्या स्थितीतही संदेष्टा परमेश्वराच्या ठायी आनंद मानतो. परंतु हे वचन खचलेल्या माणसाला सुनावण्यासाठी नाही.

त्याच्यासाठी एलिया संदेष्ट्याची कथा अधिक योग्य (१ राजे १९). एलिया रानात एका झुडुपाखाली बसून मरण मागू लागला. परमेश्वराने त्याला उपदेश केला नाही, दोषही दिला नाही. त्याला झोप दिली, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली, आणि मग पुन्हा झोप दिली. बोलणे नंतर झाले, तेही मंद वाणीने. खचलेल्या माणसाजवळ बसावे, त्याला जेवू घालावे, त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. औषधोपचार घेणे म्हणजे देवावरील विश्वास सोडणे नव्हे. सिराकाच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा मान राखण्यास सांगितले आहे, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे. मनावर ताण असलेल्यांसाठी शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असा आहे.

ज्यांच्या घरात असा मृत्यू घडला आहे, त्यांनी ख्रिस्तसभेची शिकवण नीट समजून घ्यावी. तीव्र मानसिक व्यथा, भीती वा यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशा व्यक्तीच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद २२८२-२२८३) सांगतो. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्या कुटुंबाला टाळू नये.

रुग्णाभ्यंग संस्काराविषयी

ख्रिस्त आजारी माणसाच्या जवळ येतो तो विशेषतः रुग्णाभ्यंग संस्काराद्वारे. संत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात त्याचा आधार आहे. पूर्वी हा शेवटचा अभ्यंग मानला जाई, म्हणून आजही धर्मगुरू घरी आले की रुग्णाचा काळ जवळ आला असे नातलगांना वाटते, आणि रुग्ण बेशुद्ध होईपर्यंत त्यांना बोलावले जात नाही. हा गैरसमज दूर व्हावयास हवा. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर, १९७२ साली, पोप पॉल सहावे यांनी या संस्काराच्या विधीची नव्याने मांडणी केली. तो केवळ मरणासन्न व्यक्तीसाठी नाही. गंभीर आजार असलेले, मोठ्या शस्त्रक्रियेस सामोरे जाणारे व वार्धक्याने दुर्बल झालेले भाविक तो घेऊ शकतात. प्रकृती पुन्हा बिघडल्यास तो पुन्हाही घेता येतो. धर्मगुरू रुग्णाच्या मस्तकावर हात ठेवून मूकपणे प्रार्थना करतात आणि त्याच्या कपाळाला व हातांना पवित्र तेल लावतात. रुग्ण शुद्धीवर असताना, कुटुंबीय भोवती जमलेले असताना हा संस्कार व्हावा. शक्य असल्यास त्यापूर्वी प्रायश्चित्त संस्कार आणि नंतर ख्रिस्तशरीराचा स्वीकार करावा.

नाशिक धर्मप्रांतात जळगाव व धुळे जिल्ह्यांतील अंतरे मोठी आहेत आणि खेड्यांतील काथोलिक कुटुंबे विखुरलेली आहेत. म्हणून घरात कोणी अंथरुणाला खिळले असल्यास ती माहिती आपल्या धर्मगुरूंना वा धर्मभगिनींना आधीच कळवून ठेवावी. ११ फेब्रुवारी हा लुर्द मातेचा सण १९९३ पासून जागतिक रुग्णदिन म्हणूनही पाळला जातो. त्या दिवशीच्या मिस्सामध्ये अनेक ठिकाणी रुग्णांना एकत्रितपणे हा संस्कार दिला जातो. वृद्धांना व आजाऱ्यांना तेथे आणण्यासाठी वाहनाची सोय शेजारच्या कुटुंबांनी मिळून करावी.