ढालीवरचे पूर्वज

जॉन सिंगल्टन कॉपली ह्या चित्रकाराने १७६५ च्या सुमारास नॅथॅनिएल हर्ड ह्याचे व्यक्तिचित्र रंगविले. हर्ड हा बॉस्टनमधील चांदीकाम व कोरीवकाम करणारा कारागीर. चित्रात त्याच्यासमोर दोन ग्रंथ आहेत; त्यांतील एक जॉन गिलिमचा कुलचिन्हविद्येवरील ग्रंथ, १६१० मध्ये लंडनला प्रथम छापलेला. अमेरिकी वसाहतींतील कुलचिन्हांचा विचार ह्या ग्रंथापासूनच सुरू करावा लागतो.

इंग्लंडमध्ये कुलचिन्ह हा राजसत्तेने मान्य केलेला वंशपरंपरागत हक्क होता आणि त्याची नोंद लंडनमधील कॉलेज ऑफ आर्म्स ठेवीत असे. महासागरापलीकडे तिचा अंमल नाममात्र. बॉस्टनचा सधन व्यापारी चित्रकाराकडे जाई, चित्रकार गिलिमची पाने चाळी आणि आडनाव जुळले की त्या नावाच्या इंग्रज घराण्याची ढाल, शिरस्त्राण व भोवतीची पर्णवेल गिऱ्हाइकाची होऊन जाई. रक्ताचे नाते सिद्ध करण्याची निकड पुष्कळदा दोघांनाही वाटत नसे.

अशी चिन्हे शास्त्रदृष्ट्या खोटी होत, असे म्हणणारे अभ्यासक चूक नाहीत. पण तेवढ्यावर थांबणे मला अपुरे वाटते. ही चिन्हे प्रामुख्याने मृत्यूच्या प्रसंगी लागत. कोनावर उभ्या केलेल्या चौकोनी फळीवर ती रंगवून अंत्ययात्रेत नेत, मृताच्या घरावर लावीत. ‘गोर रोल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या हस्तलिखितात रंगीत ढालींबरोबर व्यक्तींची नावे आणि वर्षे आढळतात. पुढे बॉस्टनच्या शाळकरी मुली त्याच आकारात, काळ्या रेशमावर जरीने घराण्याचे चिन्ह भरू लागल्या. शोकाची फळी अशी दिवाणखान्यात आली. आजा-पणजांची थडगी जेथे समुद्रापार राहिली होती, तेथे भिंतीवरची ढाल कुटुंबाला पूर्वज मिळवून देत होती. ते उसने होते, एवढेच.

हे हस्तलिखित ज्या घराण्याच्या नावाने ओळखले जाते त्यातील जॉन गोर हा रंग विकणारा आणि चिन्हे रंगविणारा. इतरांच्या घरी इंग्लंडची आठवण टांगणारा हा गृहस्थ क्रांतीत राजाच्या पक्षाला राहिला; १७७८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने त्याला हद्दपार केले. त्याचा मुलगा क्रिस्टोफर मात्र नव्या प्रजासत्ताकाच्या बाजूचा. १८०९ मध्ये तो त्याच राज्याचा गव्हर्नर झाला.