दंडाची फीत आणि दमलेले हृदय

#थ्रेड

१/ आमच्या पालघर जिल्ह्यातील अंगणवाडीत लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन रंग असलेली एक अरुंद फीत असते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाभोवती ती गुंडाळतात. दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर मूल तीव्र कुपोषित ठरते. मूल शाळेत गेले की ही फीत मागे राहते. आजचा धागा मोठ्या माणसांच्या न मोजलेल्या दंडाविषयी आणि त्याच्या हृदयाशी असलेल्या नात्याविषयी आहे.

२/ विषय मला घरात सापडला. माझे आजोबा शेतमजुरी सोडून बोईसरला आले आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत गोदामांतून गोण्या वाहू लागले. म्हातारपणी त्यांचे हृदय अशक्त झाले. एका आठवड्यात त्यांचे वजन तीन किलोंनी वाढले, तेव्हा आम्ही सगळे सुखावलो. अन्न अंगी लागते आहे, असे वाटले. ते पाणी होते. त्या पाण्याखाली दंड आणि मांड्या केव्हाच झिजल्या होत्या. वजनकाट्याला पाणी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही, आणि आम्हालाही कळला नाही.

३/ आधी एका शब्दाचा खुलासा. ‘हार्ट फेल झाले’ म्हणजे माणूस गेला, असा अर्थ आपल्याकडे रूढ आहे. वैद्यकात मात्र तो एक दीर्घकाळ चालणारा आजार आहे. हृदय बंद पडलेले नसते. शरीराला हवे तेवढे रक्त पुरवणे त्याला जमेनासे होते. मग दम लागतो, पाय सुजतात, पोटात पाणी साठते. रुग्ण या अवस्थेत अनेक वर्षे जगू शकतो. कोण किती जगेल, हा खरा प्रश्न असतो.

४/ सूज आणि झीज एकाच देहात नांदतात, हे निरीक्षण फार जुने आहे. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रीक वैद्यांनी पोट पाण्याने भरत असताना खांदे, छाती आणि मांड्या वितळत गेलेल्या रुग्णांचे वर्णन केले आहे. १७८५ मध्ये इंग्लंडच्या विल्यम विदरिंगने डिजिटालिस या वनस्पतीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला आणि सूज उतरवण्याचा मार्ग खुला झाला. तेथून वैद्यांचे लक्ष पाण्यावर आणि पुढे हृदयावर खिळले. झिजलेला स्नायू मरणाची खूण मानला गेला, मरणाचे कारण नव्हे.

५/ ही समजूत विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बदलली. हृदयाची पंपशक्ती आणि रुग्णाची चालण्याची क्षमता यांचा मेळ बसत नाही, हे डॉक्टरांना दिसत होते. १९९४ मध्ये अँड्र्यू कोट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्नायू गृहीतक’ मांडले. त्यांच्या मते बिघडलेला स्नायू लवकर थकतो आणि मेंदूकडे धोक्याचे संदेश पाठवतो. त्यामुळे श्वास वाढतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच दमलेल्या हृदयावरचा भार आणखी वाढतो. म्हणजे स्नायू हा या आजाराचा केवळ बळी नाही, तो त्यातील भागीदारही आहे.

६/ १९९७ मध्ये स्टेफान अँकर यांच्या गटाने १७१ रुग्णांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील २८ जणांचे वजन प्रयत्न न करता साडेसात टक्क्यांहून अधिक घटलेले होते. दीड वर्षात या गटातील निम्मे रुग्ण दगावले. उरलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. वय आणि हृदयाची स्थिती हिशेबात धरूनही फरक कायम राहिला. मरणाची खूण आता स्वतंत्र धोका ठरली.

७/ स्नायूंच्या या झिजेला ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अर्विन रोझेनबर्ग यांनी हा शब्द वृद्धांसाठी घडवला. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे दारिद्र्य. मांसाचे दारिद्र्य! आमच्या जिल्ह्यासाठी हा शब्द किती नेमका आहे, हे पुढे येईलच. २०१३ मध्ये युरोपातील २०० हृदयरुग्णांच्या अभ्यासात जवळपास पाचांतील एकात अशी झीज आढळली.

८/ स्नायूला एवढे महत्त्व का? कारण तो शरीराची ठेव आहे. आजारपणात अन्न कमी पडले की शरीर स्नायूंतील प्रथिने काढून वापरते. हृदयविकारात आतड्यांनाही सूज येते, भूक मंदावते आणि शरीरातील दाह वाढतो. अशा वेळी ज्याची ठेव मोठी, तो तग धरतो. ज्याची मुळातच लहान, त्याचे खाते लवकर रिकामे होते.

९/ आपल्याकडे ही ठेव कधीपासून लहान असते? उत्तर पुण्याजवळच्या सहा गावांत मिळाले. के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये तेथील मातांचा अभ्यास सुरू केला. नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. सर्वाधिक फरक पोटाच्या आणि दंडाच्या घेरात होता. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बाळ कृश, तरी चरबीयुक्त. दंडाची उणीव पहिल्या दिवसापासून.

१०/ याच अभ्यासात आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी गर्भवतींचे श्रम मोजले. शेतात राबणे, पाणी वाहणे, घरकाम हे सारे. गर्भारपणात ज्या मातांचे श्रम अधिक, त्यांच्या बाळांचे वजन आणि दंडघेर कमी. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मला एखाद्या दप्तरातील दस्तऐवजासारखा वाटतो. आईच्या मजुरीची नोंद बाळाच्या दंडावर झालेली असते.

११/ आता ती मजुरी आमच्या भागात पाहू. आजचा पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. येथील वारली पिढ्यान्‌पिढ्या वेठबिगारी करत. लग्नासाठी कर्ज काढलेला ‘लग्नगडी’ सावकाराच्या घरी बायकोसह राबे. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने लढा उभारला. पाचशे पौंड गवत कापण्यासाठी अडीच रुपये, ही त्यातील एक मागणी. १० ऑक्टोबरला तलवाड्यात गोळीबार झाला आणि माणसे मेली. एवढ्या गवतामागे किती अन्न पोटात जात असेल, हा प्रश्न मी येथे वाचकांवर सोडते.

१२/ किती अन्न पुरेसे, यावर पुण्यात मोठा वाद झाला. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दरडोई २,२५० उष्मांकांवर दारिद्र्यरेषा बेतली. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेत जुळवून घेते, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच धाग्याने डेव्हिड सेक्लर ‘लहान पण निरोगी’ या मतापर्यंत पोहोचले. डॉ. सी. गोपालन यांनी त्याला कडाडून विरोध केला.

१३/ या वादात दोन्ही बाजूंना विद्वत्ता होती. पण त्या वेळी कसोटी होती ती आजच्या जगण्याची आणि आजच्या कामाची. लहान देहाने आज गवत कापले, गोणी उचलली, म्हणजे तो पुरेसा ठरला. साठीनंतर हृदय थकेल तेव्हा काढायला ठेव आहे का, हे कोणी विचारले नाही. जुळवून घेण्याची किंमत म्हातारपणी चुकवावी लागते, असे मला वाटते.

१४/ १९६९ मध्ये तारापूरचा अणुवीज प्रकल्प सुरू झाला, मागोमाग औद्योगिक वसाहत आली. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला जव्हार तालुक्यात १९९२ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. शासनाचे लक्ष बालकांकडे वळले, ते योग्यच होते. मात्र त्या काळातली जगलेली मुले आज तिशीत आहेत, त्यांचे आईवडील साठीकडे झुकले आहेत. तिरुवनंतपुरमच्या २०१३ मधील नोंदवहीत हृदय अशक्त झालेल्या १,२०५ रुग्णांचे सरासरी वय ६१ होते. आमची ती पिढी त्याच वयाच्या उंबरठ्यावर आहे.

१५/ मोजायला महागडे यंत्र लागते असे नाही. सुजलेल्या पायांत पोटरीचा घेर फसवतो, पण मुठीची पकड फसवत नाही. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये पुरुषांसाठी २८ आणि स्त्रियांसाठी १८ किलोंची पकड ही किमान रेषा ठरवली. तेही साधन नसेल, तर हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला सांगावे. बारा सेकंद किंवा अधिक लागले, तर स्नायूंची तपासणी हवी.

१६/ एके काळी अशा रुग्णाला पडून राहायला सांगत. २००९ मध्ये २,३३१ रुग्णांवरील चाचणीने देखरेखीखालचा व्यायाम सुरक्षित असल्याचे दाखवले. लाभ माफक होता, पण होता. तो व्यायाम आणि प्रथिनयुक्त आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. आणि तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले, तर आमच्यासारखे सुखावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

१७/ आजोबांचा उजवा दंड त्यांच्या तरुणपणी कसा होता, हे आजी अजून हाताची दोन्ही बोटे जुळवून दाखवते. ती जुळत नसत, म्हणते. शेवटी जुळत होती, एकमेकांवर चढत होती. आमच्या घरात ती फीत आजीच्या हातात होती. आम्ही तिच्याकडे पाहिले नाही, काट्याकडे पाहिले. तुमच्या घरी कोणी असेल, तर आज एकदा त्यांचा दंड पाहा.

धागा समाप्त.