कुर्ल्यांचा टोप आणि परागंदा माणसे

दिवाळी अंकात, चकली-अनारशांच्या ताटाशेजारी, कुर्ल्यांची गोष्ट घेऊन बसणारा लेखक जरा अरसिकच म्हटला पाहिजे. पण मी सिंधुदुर्गातल्या खाडीकाठचा शाळामास्तर. आमच्याकडे मोठी मंडळी इतिहास सांगायची तीसुद्धा जेवणाच्या पानावर, हात वाळेपर्यंत. तेव्हा ही गोष्टही वाचकांनी पानावरचीच समजावी.

गेल्या मे महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी रजेवर गावी आला. आमच्या गावची निम्मी पोरे मुंबईला आणि उरलेली समुद्रावर, त्याप्रमाणे हाही जहाजावर नोकरीला आहे. त्याचे जहाज दोन-तीनदा अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या बंदराला लागले होते. तिथल्या एका गोदी कामगाराने त्याला रविवारी घरी जेवायला नेले आणि अंगणात एक अचाट प्रकार करून खाऊ घातला. तोच प्रकार गावाला खाऊ घालायचा, असे याच्या मनाने घेतले. येताना त्याने मसाल्याच्या दोन पुड्याही आणल्या होत्या. मला निरोप आला, "गुरुजी, शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे जेवायला यावे."

शनिवारी मी गेलो तर अंगणात तीन दगडांवर लग्नातला मोठा टोप चढलेला. पाण्यात मसाला, मीठ, अर्धी कापलेली लिंबे, कांदे आणि सालासकट लसणाचे गड्डे. पाण्याला उकळी फुटली तसे त्यात आधी बटाटे गेले. बटाटे अर्धवट शिजल्यावर खाडीच्या कुर्ल्या, मग मक्याच्या कणसांचे तुकडे आणि सगळ्यांच्या शेवटी सुंगटे. सुंगटे पडल्यावर दोन-तीन मिनिटांतच त्याने चुलीतली लाकडे ओढून काढली आणि टोपावर झाकण घातले. आमच्या बायका म्हणाल्या, "झाले? मग वाढ की!" पण तो वाढीना. म्हणाला, "आता वीस मिनिटे कोणी हात लावायचा नाही. उकळताना ते नुसते शिजते. तिखट-मीठ आत शिरते ते आग काढल्यावर."

त्या वीस मिनिटांत त्याने अंगणात बाके जोडली, त्यांच्यावर जुनी वर्तमानपत्रे अंथरली, आणि मग दोघांनी टोप धरून, पाणी निथळून, सगळा ऐवज त्या कागदांवर ओतला. ताट नाही, वाटी नाही, मानाचे पान नाही. सरपंच आणि शाळेचा शिपाई एकाच ढिगातून कुर्ल्या उचलीत होते.

त्या रात्री हात धुतले तरी बोटांचा तिखटपणा जाईना, आणि डोक्यातून तो टोप जाईना. ही कोण माणसे, हे असे का जेवतात, या प्रश्नांमागे मी पुढचे दोन महिने लागलो. वाचता वाचता जे हाती आले, ते खाण्याचे कमी आणि खाजणाचे अधिक निघाले.

या लोकांना केजन म्हणतात. हा शब्द म्हणजे 'अकेडियन'चा झिजलेला उच्चार. अकेडिया हा आज कॅनडात असलेला अटलांटिक किनाऱ्याचा मुलूख. 1605 साली फ्रेंचांनी तिथे पोर्ट रॉयल वसवले आणि पुढच्या काही दशकांत फ्रान्समधून शेतकरी कुटुंबे येऊन राहिली. शेजारी फंडीचा उपसागर. तिथली भरती जगातल्या सर्वांत उंच भरत्यांपैकी एक, काही ठिकाणी पन्नास फुटांच्या आसपास चढते. अशा समुद्राकाठी या लोकांनी काय करावे? त्यांनी जंगल फारसे तोडले नाही. त्यांनी खाऱ्या दलदलीला मातीचे बांध घातले आणि बांधाच्या पोटात लाकडी नळ बसवला. नळात एक झडप. ओहोटीला आतले गोडे पाणी झडप ढकलून बाहेर जाई आणि भरती आली की तिच्याच दाबाने झडप मिटे. दोन-तीन वर्षे पावसाने मीठ धुऊन नेले की खाली गव्हाची काळीभोर जमीन.

हे वाचताना मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवले. आमच्या खाडीकाठी आणि शेजारी गोव्यात शतकानुशतके हीच विद्या नांदते आहे. गोव्यात त्या झडपेच्या दाराला मानस म्हणतात. पृथ्वीच्या दोन टोकांच्या शेतकऱ्यांनी, एकमेकांचे नावही न ऐकता, समुद्राशी एकच करार केला होता! खाजणाची शेती एकट्याची नसते, हे आमच्याकडे पोरही जाणते. माझ्या वाटचा बांध फुटला तर पाणी तुझ्या भातात शिरते. म्हणून बांध सगळ्यांनी मिळून बांधायचा. अकेडियनही तेच करीत. त्यांची गावे एका कुटुंबासारखी राहिली, त्यात त्या बांधांचा वाटा मोठा असला पाहिजे.

1713 साली युरोपात एक तह झाला आणि हा मुलूख फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेला. शेतकरी होते तिथेच राहिले. त्यांचे म्हणणे एवढेच की आम्ही तुमचे राज्य मानतो, पण उद्या लढाई झाली तर फ्रेंचांवर शस्त्र धरायला सांगू नका. चाळीस वर्षे हे कसेबसे चालले. पुढे इंग्रज-फ्रेंच युद्ध पेटले आणि 28 जुलै 1755 रोजी इंग्रज अधिकारी चार्ल्स लॉरेन्स आणि त्याच्या मंडळाने निर्णय घेतला की ही माणसेच येथून उचलायची.

ग्रां-प्रे नावाच्या गावात 5 सप्टेंबरला पुरुषांना आणि मोठ्या मुलगे-मंडळींना देवळात बोलावले. 418 जण आले. दारे बंद झाली, आणि जॉन विन्स्लो नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने हुकूम वाचला: तुमच्या जमिनी आणि गुरेढोरे सरकारजमा झाली आहेत, रोकड आणि उचलता येईल तेवढे सामान घेऊन तुम्ही येथून जायचे आहे. सप्टेंबर म्हणजे सुगीचा महिना. मागे घरे जाळली गेली, म्हणजे परत यावे असे काही उरू नये. पुढच्या काही वर्षांत दहा हजारांच्या वर माणसे गलबतांत भरून अमेरिकेच्या वसाहतींत, इंग्लंडात, फ्रान्सात पांगवली गेली. हजारो माणसे रोगाने, उपासमारीने आणि समुद्रात बुडून मेली.

यातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. 1759 च्या नोव्हेंबरात मोठे वादळ झाले आणि ते बांध फुटले. त्या जमिनींवर आणलेल्या नव्या वसाहतवाल्यांना बांधाची विद्या कुठली येणार? तेव्हा मागे उरलेल्या अकेडियन कैद्यांनाच त्या कामाला लावले गेले. आपल्या बापाने घातलेला बांध माणूस पुन्हा घालतो आहे, आणि त्याआतली जमीन आता दुसऱ्याची आहे! कादंबरी लिहिणाऱ्याला याहून अधिक काय रचता येणार?

1765 साली जोझेफ ब्रूसार नावाच्या पुढाऱ्याबरोबर सुमारे दोनशे जण लुइझियानात पोहोचले. हा प्रांत तेव्हा स्पेनकडे गेलेला होता. त्याच वर्षी ब्रूसार वारला, पण त्याची माणसे बायू टेशच्या काठी राहिली. बायू म्हणजे संथ वाहणारा, अर्धा नदी आणि अर्धा दलदल असा ओहळ. 1785 साली फ्रान्सहून सात जहाजे भरून आणखी सुमारे सोळाशे माणसे आली. आता ना गहू, ना सफरचंद. उष्ण हवा, डास आणि जिकडेतिकडे पाणी. पण ज्यांनी एकदा दलदलीशी घर केले होते, त्यांनी ते पुन्हा केले. मूळ रहिवाशांकडून ते तिथला झाडपाला शिकले. त्यांच्या सुप्रसिद्ध गम्बो या रश्श्यातली भेंडी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांची. आणि हेही सांगितले पाहिजे की पुढे काही अकेडियनांनीही गुलाम बाळगले. दुःख भोगलेला माणूस दुसऱ्याला दुःख देत नाही, असा काही इतिहासाचा नियम नाही.

तिथल्या गोड्या पाण्याच्या दलदलीत क्रॉफिश नावाचा जीव मुबलक. दिसायला आमच्या शेवंडाचे बाळ, लांबीला चार-पाच इंच. हे गरिबाचे खाणे. ही मंडळी कॅथलिक. ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत शुक्रवारी मांस वर्ज्य, पण पाण्यातला जीव चालतो, आणि नेमका तेव्हाच क्रॉफिशचा हंगाम भरात असतो. म्हणून गुड फ्रायडेला अंगणात टोप चढायचा. तिथले शेतकरी भात कापल्यावर शरद ऋतूत त्याच खाचरात पुन्हा पाणी सोडतात, तेव्हा बिळांतून क्रॉफिश बाहेर येतात, आणि एकाच शेतात भातापाठोपाठ त्यांचेही पीक निघते. ज्याची लाज वाटायची तेच खाणे पुढे मिरवायचे झाले. 1959 साली लुइझियानाच्या विधिमंडळाने ब्रो ब्रिज या गावाला जगाची क्रॉफिश राजधानी म्हणून मान दिला आणि 1960 पासून तिथे जत्रा भरू लागली.

आणि त्या टोपातला मसाला? त्यात मोहरी आहे, धणे आहेत, लवंग आहे, आणि मुख्य म्हणजे लाल मिरची. मिरची, मका आणि बटाटा मूळचे अमेरिका खंडाचे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात मिरची गोव्याला आणली आणि आम्ही ती अशी आपली केली की मालवणी मसाला तिच्यावाचून सुचेना. म्हणजे त्या शनिवारी मिरची आमच्या अंगणात दुसऱ्यांदा अमेरिकेहून आली होती.

इथवर मी मजेत वाचीत होतो. मग एका पानावर अडखळलो.

1921 साली लुइझियानाच्या राज्यघटनेने शाळांतली भाषा इंग्रजीच ठरवली. घरी फ्रेंचशिवाय दुसरा शब्द न ऐकलेली पोरे शाळेत येत. तोंडून फ्रेंच शब्द निघाला की मास्तर शिक्षा करीत, आणि ती शिक्षा बहुधा अशी, की शाळेच्या आवारात मी फ्रेंच बोलणार नाही, हे वाक्य पुनःपुन्हा लिहून काढायचे. त्या पोरांनी मोठे झाल्यावर आपल्या मुलांना फ्रेंच शिकवलेच नाही. गलबतांनी आणि आगीने जे झाले नव्हते ते फळ्याने आणि खडूने केले. 1968 साली सरकारनेच भाषा राखण्यासाठी मंडळ नेमले, पण तोवर एक पिढी मुकी होऊन गेली होती.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी चौथीतला एक मुलगा गणित घालताना उभा राहून म्हणाला होता, "गुरुजी, माका कळूक नाय." वर्ग हसला नाही, कारण सगळ्यांची बोली तीच होती. माझी स्वतःची आई दुसरे काही बोलत नसे. पण मी नवा मास्तर, अंगात परीक्षेचा वारा. मी त्याला 'मी शाळेत शुद्ध बोलेन' हे वाक्य पन्नास वेळा लिहायला लावले. त्याने लिहिलेही, वळणदार अक्षरात. गणित त्याला कळले की नाही, हे विचारायचे मात्र माझ्याकडून राहून गेले.

तो मुलगा म्हणजेच हा जहाजावरचा.

मग मला त्या शनिवारची एक गोष्ट आठवली, जी तेव्हा मी पाहूनही पाहिली नव्हती. त्या रात्री तो अंगणभर मालवणीत बोलत होता. आईशी, सरपंचांशी, शिपायाशी, पोरांशी. फक्त माझ्याकडे वळला की त्याची भाषा बदले. "गुरुजी, आपण बसावे. गुरुजी, आपल्याला तिखट चालेल ना?" मला तो आदर वाटला होता.

9 डिसेंबर 2003 रोजी कॅनडात इंग्लंडच्या राणीच्या नावाने एक जाहीरनामा निघाला. अकेडियनांवर झालेल्या अन्यायाची त्यात कबुली आहे, आणि 2005 पासून 28 जुलै हा दिवस त्यांच्या स्मरणाचा ठरला. ही मागणी 1990 साली लुइझियानातल्याच वॉरन पेरिन नावाच्या वकिलाने लावून धरली होती. 2012 साली ग्रां-प्रेच्या त्या बांधांना जागतिक वारशाचा मान मिळाला. अडीचशे वर्षांनी का होईना, चुकले म्हणायला राज्याला जमले. मला वीस-बावीस वर्षेच झाली होती.

तो ऑगस्टात जहाजावर परत जायचा होता. जाण्याच्या आदल्या आठवड्यात मीच निरोप धाडला की टोप पुन्हा चढव, कुर्ल्या माझ्याकडून. पाऊस होता म्हणून यावेळी पडवीत बसलो. कागदांवर ढीग ओतला गेला. त्याने एक मोठी कुर्ली माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "गुरुजी, आपण सुरुवात करावी."

मनात जुळवलेली दोन-चार वाक्ये होती, ती तोंडाशी आलीच नाहीत. मी एवढेच म्हणालो, "कुर्ली ठेव रे. तुझ्या हातातलो डेंगो माका दी."

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने डेंगा फोडला आणि माझ्या हातावर ठेवला.

"घेवा गुरुजी," तो म्हणाला, "पण जपान खावा. तिखट आसा."