आठवडा, नक्षत्र आणि मोसम

उन्हाळ्यात पुणे परिसरासाठी येत्या आठवड्याचा हवामानाचा अंदाज जाहीर होतो, तेव्हा त्यातले ‘आठवडा’ हे माप आपल्याला इतके स्वाभाविक वाटते, की त्यालाही काही इतिहास असेल अशी शंका येत नाही. मुळशी तालुक्यातल्या गावांत आठवडा बाजारासाठी होता, पावसासाठी नक्षत्र. सूर्य एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस असतो. मेअखेरीस रोहिणी, जूनच्या ७-८ तारखेस मृग. पंचांग नक्षत्राचे वाहनही सांगते, आणि बेडूक किंवा म्हैस आली की पावसाची आशा धरली जाते. या वाहनांची थट्टा होते. भाकीत म्हणून ती थट्टेस पात्रही आहेत. परंतु नक्षत्राचे खरे काम भाकिताचे नव्हतेच. ते शेतकामाचे वेळापत्रक होते. मुळशीच्या भातपट्ट्यात पावसाआधी राब भाजतात: शेण, पालापाचोळा, फांद्या वाफ्यावर रचून जाळायच्या आणि त्याच जागी भाताचे बी टाकायचे. मध्येच वळीव कोसळला तर रचलेला राब भिजलाच. म्हणजे शेतकऱ्याला हवा होता तो तापमानाचा नव्हे, कोरड्या दिवसांचा अंदाज.

सरकारचे माप तिसरेच. हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले आणि लगोलग १८७६-७८ चा दुष्काळ आला. दुष्काळाच्या धास्तीने सरकारला रस होता तो अख्ख्या मोसमात. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाच्या आधारे १८८६ साली दिलेला अंदाज मोसमाचाच होता. १९२८ साली खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात, गाव बदलले, नाव मात्र थंड हवेचेच राहिले! १९४४ साली मुख्यालय दिल्लीस गेले, तरी हवामानशास्त्र पुण्यात रुजले होते. आज दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा अंदाज निघतो, त्यामागचे प्रारूप पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत घडले. पाषाणहून महाळुंगे काही मैलांवर.

दैवगती अशी, की राबाच्या कामी येईल असा अंदाज जवळच तयार होऊ लागला, तोवर महाळुंग्याची शेती सरत आली होती. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी महाळुंगे-बालेवाडीत क्रीडानगरी उभी राहिली, मागोमाग इमारती आल्या, आणि २०२१ साली गाव पुणे महापालिकेत गेले. आता तिथे उन्हाळ्यात उघड्यावर राबतो तो बांधकामावरचा मजूर. त्याच्या वाट्याला अंशांचा आकडा येतो. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीहून साडेचार अंश अधिक असले, की हवामान खाते सामान्यतः उष्णतेची लाट मानते. एकोणचाळीस अंशांच्या दुपारी स्लॅबवर उभा असलेला गवंडी या व्याख्येत बसत नाही.