खजाना विहिरीचा हिशेब

श्रोतेहो, बीड जिल्ह्याची दोन अंगे तुम्हां सर्वांच्या परिचयाची आहेत. उत्तरेला गोदावरीकाठची गंगथडी. तिथली जमीन काळी नि खोल. दक्षिणेला बालाघाटाचे पठार; तिथे चार बोटे माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पाऊस बेताचा, तोही लहरी. म्हणून घाटावर ज्वारी-बाजरीची जिरायत आणि गुरांचे माळ, हीच पूर्वापार वहिवाट. पाझर सापडेल तिथेच काय ती बागायत.

असा एक पाझर बीड शहराच्या दक्षिणेस, सुमारे 6 किलोमीटरवर, 1582-83 च्या सुमारास बांधून काढण्यात आला. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या अमदानीत बीडची जहागीर सलाबतखानाकडे होती. त्याने ही विहीर बांधविली. कारागीर राजा भास्कर, अशी परंपरा आहे. वसुलाचा पैसा इथेच मुरला, म्हणून नाव पडले ‘खजाना’, असे लोक सांगतात.

आता हिची करामत पाहा. आसपासच्या उतारावर जिरलेले पाणी विहिरीत येते आणि जमिनीखालच्या बोगद्यातून पुढे जाते. जमीन उतरती, तेव्हा खालच्या शिवारात ते आपोआप उघड्यावर निघते. मोट नको, बैल नकोत. शिवाय बोगद्याचे तोंड ज्या उंचीवर, त्याखालचे पाणी विहिरीतच राहते. किती घ्यायचे, ते उतारच ठरवितो.

1972 च्या दुष्काळानंतर गावोगाव विंधन विहिरी झाल्या. पिण्याच्या पाण्याची मोठी सोय झाली, हे खरेच. पण पुढे विजेचा पंप उसाला जोडला गेला नि उताराची ती मर्यादा सुटली. ज्याचा बोअर खोल, त्याचे पाणी! शेजारचा आड आटला, तर दाद कुठे मागावी? 1993 साली सरकारने कायदा केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून 500 मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास त्याने मनाई केली. पण जमिनीच्या पोटात कोण पाहणार? आणि पाण्याअभावी ज्यांचे रान पडीक राहते, ती घाटावरची माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन दुसऱ्यांचा ऊस तोडायला जातात.

गुरुजी, एक काम मुलांकडून करवून घ्या. गावच्या विहिरीत दोरी सोडून दिवाळीला आणि होळीला पाणी मोजा, आणि तो आकडा शाळेच्या भिंतीवर लिहा. खजिना किती उरला, हे आधी गावाला दिसू द्या. मग कोणी किती उपसावे, याची बोलणी चावडीवर करता येतील.